पहिली-दुसरीत शिकवण्यासारखं असतं तरी काय?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळी चहाच्या वेळी आपल्यापैकी एका काकांनी मला मोकळेपणानं विचारलं, "ताई, दहावीच्या मुलांना मदत करायची तर समजतं. पण पहिली-दुसरीत शिकवण्यासारखं असतं तरी काय? चार कविता आणि शंभरपर्यंत अंक. त्यासाठी एवढी माणसं कशाला?" प्रश्न रास्त आहे. दुपारी आपल्यापुढे जो निर्णय यायचा आहे, त्याच्याशीही त्याचा थेट संबंध आहे. म्हणून तयार करून आणलेलं भाषण बाजूला ठेवते आणि काकांनाच उत्तर देते.

कागदावर पाहिलं तर पहिली-दुसरीत विषय थोडेच. मराठी, गणित, 2000 सालापासून पहिलीतच आलेलं इंग्रजी, आणि चित्रकला, कार्यानुभव, खेळ यांचं मिळून 'खेळू, करू, शिकू'. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीत हातात येतं. 5 जुलै 2021 रोजी केंद्र सरकारनं निपुण भारत अभियान सुरू केलं. त्याची अपेक्षा अशी, की दुसरी संपताना मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत आणि 999 पर्यंतच्या संख्या त्याला कळाव्यात. तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द आणि 9999 पर्यंतच्या संख्या. अपेक्षा चुकीची नाही. पण 'समजून' हा जो एक शब्द त्यात आहे, त्याच्यापाशीच मेळघाटात आमची गाडी अडते.

आमची शाळेतली बहुतेक मुलं कोरकू. आपल्याला वाटतं, कोरकू म्हणजे मराठीचीच एखादी रांगडी बोली असेल. तसं नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी झारखंड-ओडिशाकडे, संथाळी आणि मुंडारी. ही एक बहीण तेवढी पश्चिमेला सातपुड्यात राहते. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा 'कू' लागला की कोरकू, म्हणजे माणसं. पाण्याला 'डा' म्हणतात. धारणीच्या बाजूची सिपना नदी आपल्याला माहीत असते, पण सिपना म्हणजे साग, हे शाळेच्या भिंतीवर कुठं लिहिलेलं नसतं. वाघाला कोरकूत जो शब्द आहे तो मी इथं उच्चारत नाही. मराठीत तो ऐकला की हसू येतं, आणि नवीन गुरुजी वर्गावर आले की पहिल्याच आठवड्यात एखादं पोर वाघाच्या चित्रावर बोट ठेवून तो शब्द मोठ्यानं म्हणतं. गुरुजी डोळे वटारतात. पोराला कळतच नाही आपण काय वाईट बोललो. वाघाला वाघच तर म्हटलं होतं!

म्हणजे पहिलीच्या वर्गात सहा वर्षांचं मूल बसलंय. घरी कोरकू, आठवडी बाजारात हिंदी, पुस्तकात मराठी, आणि तासाभरानं इंग्रजी. चार भाषा. शहरात असं मूल असतं तर आपण त्याचं कौतुक केलं असतं. इथं त्याला 'अबोल' म्हणतात. 'लाजतो', 'लक्ष नसतं', 'घरी अभ्यासाचं वातावरण नाही' असे शेरे पडतात.

एक गंमत सांगते. इंग्रजीच्या तासाला हीच मुलं उड्या मारतात. 'स्टँड अप', 'सिट डाऊन', 'क्लॅप युवर हँड्स' हे सगळं आठ दिवसांत येतं. मी बराच विचार केला, की असं का. कारण साधं आहे. मुलांना इंग्रजी येत नाही, हे गुरुजींनी धरलेलंच असतं. म्हणून ते स्वतः उठून दाखवतात, बसून दाखवतात, चित्र दाखवतात, वस्तू हातात देतात. मराठीच्या तासाला मात्र गुरुजी धरून चालतात की मराठी तर सगळ्यांना येतंच. मग ते पुस्तक उघडतात आणि 'वाचा' म्हणतात.

भाषेचं थोडं आणखी खोलात जाऊन सांगायला हवं, कारण वरवर पाहून हे दिसत नाही. कोरकूत आपल्यासारखा तो-ती-ते असा लिंगभेद नाही. भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. म्हणून आमची मुलं 'बाई आला', 'पुस्तक फाटली' असं बोलतात. त्याला चूक म्हणून लाल रेघ मारणं सोपं आहे. पण त्या मुलाच्या बाजूनं बघा: खुर्ची बाई का आणि टेबल का नाही, याचं कारण आपल्यापैकी कोण सांगू शकेल? उलट काही बाबतीत त्यांची भाषा आपल्यापेक्षा नेमकी आहे. दोघांसाठी कोरकूत वेगळं द्विवचन आहे, संस्कृतसारखं. आणि ऐकणाऱ्याला धरून 'आपण' व त्याला वगळून 'आम्ही' हा फरक कोरकूत पक्का आहे. हा फरक हिंदीत तसा नाही, मराठीत आहे. म्हणून बाहेरून आलेली हिंदीभाषक मोठी माणसं जिथं अडखळतात, तिथं आमची पोरं 'आपण' आणि 'आम्ही' अचूक वापरतात. ही गोष्ट हाताशी धरून मराठीत शिरता येतं. पण त्यासाठी वर्गात कोरकू जाणणारं कोणीतरी हवं.

आता गणित. मियापासून गेलपर्यंत, म्हणजे एकपासून दहापर्यंत, कोरकूत मोजता येतं. त्यापुढे मी पाहिलेल्या बहुतेक घरांत हिंदी आकडे चालतात. शाळेत मराठी. बाजारात 'पच्चीस', वर्गात 'पंचवीस'. त्यात आपल्या मराठी संख्यानामांची स्वतःची एक अढी आहे: 'बावीस' म्हणताना आधी दोन, मग वीस, लिहिताना मात्र उलट. एकोणतीस तर तिसात एक उणा करून बनतं, म्हणजे नुसतं नाव घ्यायलाच वजाबाकी! तुम्हाला आठवत असेल, 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं 'वीस एक, वीस दोन' असा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. टीव्हीवर विनोद झाले. मी त्या वेळी गप्प बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, एकदा येऊन आमच्या दुसरीच्या मुलांना 'त्रेसष्ट' लिहायला सांगा. निम्मी पाटी छत्तीस असते. मुलांना किंमत कळत नाही असं नाही, ऐकलं त्या क्रमानं लिहिलेलं असतं.

ज्यांना वर्गात 63 लिहिता येत नाही, तीच मुलं मे महिन्यात आईशेजारी बसून तेंदूपानांचे पुडे बांधतात. आपल्याकडे एका पुड्यात 70 पानं. पलीकडे मध्य प्रदेशात 50. नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या दुसरीतल्या एका मुलानं मला हा हिशेब समजावून सांगितला होता: तिकडे पुडा लवकर होतो, पण म्हणून तिकडचे लोक जास्त कामसू असं नाही. हे तुलनेचं गणित आहे, पाठ्यपुस्तकाच्या चार वर्षं पुढचं. पानं तो पाच-पाचच्या चळतीनं लावत होता. चौदा चळती झाल्या की बांधायचं. पाचाचा पाढा त्याला 'येत नव्हता', असं त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं होतं.

म्हणून आम्ही गेली काही वर्षं विषयांच्या भिंती थोड्या बाजूला सरकवून शिकवतो. तासिका पाळतो, नोंदीही ठेवतो, तपासणीला आलेल्या साहेबांना वेळापत्रक दाखवतो. पण आठवड्याचा धागा एकच असतो. याचं एक उदाहरण सविस्तर सांगते.

मार्च सरताना मोह पडायला लागतो. फुलं रात्री-पहाटे गळतात, म्हणून घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. लेकरंही असतात. शाळेत उशिरा येतात किंवा येतच नाहीत. हजेरीपटावर पूर्वी लाल फुल्या पडत. आता आम्ही निरोप देतो: मोह वेचून झाला की या, आणि येताना एक मूठ फुलं घेऊन या.

सोमवारी वर्गात फुलांचा ढीग होतो. प्रत्येक गटानं आपली फुलं मोजायची. दहा-दहाचे गट करून पळसाच्या पानावर ठेवायचे, उरलेली सुटी. चार पानं आणि तीन सुटी, म्हणजे त्रेचाळीस. इथं 4 आधी लिहायचा, कारण पानं आधी मांडलीत, हे हाताला कळतं. फळ्याच्या डाव्या बाजूला दीदी कोरकू शब्द देवनागरीत लिहिते: फूल, झाड, टोपली, पहाट. उजव्या बाजूला गुरुजी मराठी. मग मुलं बोलायला लागतात. कोणाच्या मोहाखाली अस्वल आलं होतं, ते सांगायची चढाओढ लागते. अस्वलाला मोह आवडतो, अंधारात एकट्यानं झाडाखाली जायचं नाही, वाऱ्याची दिशा बघायची, हे ज्ञान तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या आधीच त्यांच्याकडे आहे. दीदी ते ऐकते, गुरुजींना सांगते, आणि त्यातून वर्गाचं एक मराठी वाक्य तयार होतं: 'मोहाखाली अस्वल आले.' ते वाक्य सगळे वाचतात, आणि अर्थ सांगावा लागत नाही. 'समजून वाचन' ते हेच.

तीन सुटी आणि चार पानं असा तो ढीग एका परडीत घालून खिडकीत वाळत ठेवतात. दुसऱ्या परडीत दगड घालून बांबूच्या तराजूत तो तोलतात, आणि दगड जपून ठेवतात. शुक्रवारी पुन्हा मोजतात. फुलं पिवळसर होती ती तपकिरी झालीत, आकसलीत. मोजली तर त्रेचाळीसच. तराजूत घातली तर परडी वर! पहिल्यांदा हे झालं तेव्हा वर्गात गोंधळ उडाला. एक म्हणाला, कोणीतरी फुलं चोरली. पण मोजली तर पूर्ण. एकानं दगडांवर संशय घेतला. त्या गलक्यात कोपऱ्यातली दुसरीतली एक मुलगी दीदीकडे बघून कोरकूत काहीतरी पुटपुटली. वर्षभरात तिनं गुरुजींशी पाच वाक्यंसुद्धा बोललेली नव्हती. दीदीनं तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि मराठीत सांगितलं: "ती म्हणते, पाणी उडून गेलं, फूल राहिलं."

मी तिथं मागे बसले होते. संख्या आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक तशीच राहून दुसरी बदलू शकते, आणि बदलली तर त्याला कारण असतं. गणित, विज्ञान आणि भाषा, तिन्ही विषयांचं मर्म त्या एका वाक्यात होतं. दीदी वर्गात नसती तर गुरुजींना काय ऐकू आलं असतं? गडबड. त्यांनी 'शांत बसा' म्हटलं असतं, आणि त्यांचं काही चुकलं असतं असंही मी म्हणणार नाही.

असेच बाकीचे धागे. कोरकू गाव म्हणजे एका सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. पहिल्या नकाशासाठी याहून सोपं गाव मिळणार नाही. मुलं अंगणात काड्यांनी रस्ता काढतात, खडे ठेवून घरं मांडतात, डावं-उजवं, समोर-शेजारी, तिसरं घर, पाचवं घर हे सगळं त्यात येतं. शहरातल्या मुलाला इमारतीचा नकाशा काढायला सांगून बघा! गाणी, चित्रं, मातीकाम यांबद्दल वेगळं सांगत नाही, ते तुम्ही बाहेरच्या मांडणीत पाहिलंच आहे.

यात नवीन असं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली; मूल गुरं राखायला जातं, तर शाळा कुरणात नेली. आपल्या राज्यघटनेच्या 350अ कलमातही प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्यांनी करावी असं म्हटलेलं आहे, 1956 पासून. सगळं लिहिलेलं आहे. वर्गात माणूस असण्याचा तेवढा प्रश्न आहे.

पालकांचं म्हणणंही तुमच्यापुढे ठेवलं पाहिजे, नाहीतर मी एकच बाजू सांगितली असं होईल. बरेच पालक मला विचारतात, "कोरकू तर घरी येतेच, शाळेत कशाला? शाळेत मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा." त्यांचं बरोबर आहे. तहसीलमध्ये, दवाखान्यात, बसमध्ये कोरकू कामाला येत नाही, याचे चटके त्यांनी सोसलेले आहेत. मी त्यांना सांगते, दुसरी संपेपर्यंत तुमचं मूल मराठीत बोलेल, ही आमची जबाबदारी. कोरकू आम्ही मराठी टाळण्यासाठी आणत नाही. ओढ्यापलीकडे जायचं तर पहिला दगड अलीकडच्या काठाजवळ लागतो, इतकंच. काहींना पटतं, काही मान हलवून जातात. वर्ष सरत आलं आणि मुलानं बाजारात दुकानाची पाटी वाचून दाखवली की मग येऊन सांगतात.

आता दुपारच्या निर्णयाकडे येते. आपल्यापुढे दोन मागण्या आहेत आणि पैसा एकीपुरताच आहे. एक मागणी वर्गांसाठी डिजिटल फळे घेण्याची. दुसरी, पहिली-दुसरीच्या वर्गांतल्या कोरकू दीदींचं मानधन पुढं चालू ठेवण्याची. डिजिटल फळ्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. सहावी-सातवीला त्याचा उपयोग होईल. वीज टिकली तर जास्त होईल. शिवाय फळ्यावर देणगीदाराचं नाव लिहिता येतं, फोटो चांगला येतो. दीदीवर नाव लिहिता येत नाही. (हसू नका, गेल्या वर्षी एका भल्या गृहस्थांनी मला हे खरोखरच विचारलं होतं.) पण फळा बोलला तरी तो मराठीतच बोलेल किंवा इंग्रजीत. कोपऱ्यातून पुटपुटलेलं वाक्य त्याला ऐकू येणार नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीनंतर आमच्या गावांतली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. वीटभट्ट्या, बांधकामं, संत्र्याच्या बागा, कापणी. लेकरं सोबत जातात. होळीला परततात, कारण होळी चुकवणं कोरकू माणसाला शक्य नाही. मधले तीन-चार महिने शाळा नाही. मोठ्या वर्गातलं मूल हे अंतर कसंबसं भरून काढतं. पहिलीतलं मूल मात्र परत येतं तेव्हा जोडलेली अक्षरं सुटलेली असतात, मराठी मागे पडलेलं असतं, आणि वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाला पुन्हा बसतं करण्याचं काम दीदीच करते, कारण ती त्याच गावची असते. कोण कधी गेलं, कोण परवा रात्री आलं, हे तिला ठाऊक असतं. ती सकाळी घरी जाऊन हाक मारते. मग तीन आठवडे त्या मुलांचा वेगळा गट घेते, भट्टीवर काय पाहिलं ते बोलायला लावते, विटांच्या थरांवरून दशक-एकक पुन्हा सुरू करते. आमच्या दीदी बहुतेक दहावी-बारावी झालेल्या आहेत, दोघी बाहेरून पदवी करताहेत. त्यांचं मानधन थांबलं तर त्यांनाही दिवाळीनंतर बाहेर जावं लागेल, आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्वतःची मुलंही जातील.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लांबलं, मला माहीत आहे. अध्यक्षमहाशय दोनदा घड्याळ पाहून झालेत. तेव्हा एवढंच सुचवते की मतदानाआधी जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला चक्कर मारा. तिथं चार दीदी बसल्या आहेत. मुलांनी केलेल्या दुभाषी पुस्तिका त्यांच्याकडे आहेत: मोहाची, नदीची, होळीची आणि वीटभट्टीची. भट्टीची पुस्तिका मुद्दाम पाहा, तिच्यातली बेरीज मजुरीच्या हिशेबाची आहे. त्यांना विचारायचं ते मराठीतच विचारा, त्या छान बोलतात. पाणी हवं असेल तर मात्र 'डा' मागून बघा.